येवल्याची घोषणा आणि संदर्भांचा हिशेब

पैठणीच्या मागांमुळे आणि तात्या टोपे यांचे जन्मस्थान म्हणून ख्यात असलेल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी भरलेल्या दलित वर्गाच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असा निर्धार प्रकट केला. आणि नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० पासून चाललेला प्रवेशाचा सत्याग्रह मागे पडून धर्मांतराचा प्रश्न साऱ्या देशाच्या राजकारणापुढे उभा राहिला. या घोषणेपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील बौद्ध धम्माच्या दीक्षेपर्यंतच्या एकवीस वर्षांचा अभ्यास करू पाहणारा परदेशी विद्यार्थी ज्यांच्या लेखनाचा आधार हटकून घेतो, त्या विदुषी म्हणजे एलिनॉर झेलियट.

१९२६ साली अमेरिकेत जन्मलेल्या झेलियट यांनी महाराष्ट्रात येऊन मराठी साधनांचा धांडोळा घेतला, चळवळीतील माणसांशी प्रत्यक्ष बोलून माहिती जमवली, आणि आंबेडकर व महार चळवळ या विषयावरील प्रबंध १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला सादर केला. भारताचे अर्वाचीन राजकारण म्हणजे काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचाच वृत्तांत, अशी समजूत विद्वानांत रूढ असताना अस्पृश्य गणलेल्या समाजाला स्वतःच्या इतिहासाचा कर्ता म्हणून पाहणे, हे मला या प्रबंधाचे सर्वांत मोठे मोल वाटते. तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध व्हायला २००४ साल उजाडले. तोवर पस्तीस वर्षे अभ्यासक अप्रकाशित प्रबंधाचाच दाखला देत राहिले. मधल्या काळात, १९९२ साली, ‘फ्रॉम अनटचेबल टू दलित’ हा त्यांचा निबंधसंग्रह निघाला, आणि चोखामेळा व एकनाथ यांच्यावरही त्यांनी आस्थेने लिहिले. मिनेसोटातील कार्लटन कॉलेजात दीर्घकाळ अध्यापन केलेल्या या विदुषी २०१६ साली निवर्तल्या.

आता विद्वानाच्या प्रभावाचे मोजमाप कसे होते, ते पाहू. कोणत्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला याची पद्धतशीर फेरिस्त यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली विज्ञानापुरती प्रसिद्ध केली. सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्या यांच्या सूची मागाहून आल्या. २००५ साली हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेला अंक असा, की ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी निदान दहा वेळा आधार म्हणून घेतले गेले, आणि अकरा लेखांना अकरा वेळा घेतले गेलेले नाही, त्याचा अंक दहा. जिथे लहान लेख भराभर निघतात त्या शास्त्रांत हा हिशेब ठीक चालतो. परंतु एका प्रबंधात, काही निबंधांत आणि मोजक्या ग्रंथांत आयुष्याचे श्रम ओतणाऱ्या इतिहासकाराचा अंक लहानच राहणार, मग त्या प्रबंधाशिवाय पुढच्या कोणाचे पाऊल उचलले जात नसले तरी.

याहून गंभीर उणीव भाषेची आहे. झेलियट यांच्या तळटीपा वाचू लागले की चांगदेव खैरमोडे यांच्या आंबेडकर-चरित्राचे नाव भेटते. १९५२ साली ज्याचा पहिला खंड निघाला आणि ज्याचे बरेच खंड १९७१ साली लेखकाच्या निधनानंतर प्रकाशात आले, असे हे बारा खंडांचे चरित्र म्हणजे पत्रे, भाषणे, वृत्तपत्रांतील मजकूर आणि साक्षीदारांच्या आठवणी यांचे एक दप्तरच होय. आणि खैरमोडे हे कोणत्याही विद्यापीठाच्या आसनावर नव्हते. पुढे १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांची भाषणे व लेखन ग्रंथमालेच्या रूपाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा संपादनाचा भार दीर्घकाळ वसंत मून यांनी वाहिला. जगभरच्या प्रबंधांत या खंडांतील पानांचे क्रमांक सर्वत्र आढळतात. पण ते उतारे शोधणाऱ्या, पडताळणाऱ्या संपादकाच्या नावे त्यांतील फारच थोडे जमा होते. इंग्रजी नियतकालिकांवर उभारलेल्या सूचींत मराठी ग्रंथाला जागा नाही, म्हणून झेलियट यांचा उल्लेख मोजला जातो आणि त्याखालचा खैरमोडे यांचा आधार अलिखित राहतो. हा अन्याय झेलियट यांनी केलेला नाही. त्यांनी आपली साधने प्रामाणिकपणे नोंदवली आहेत.

म्हणून माझी मागणी अगदी व्यवहारातली आहे. येवला ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात मोडते, त्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने आंबेडकरी चळवळीवरील इंग्रजी ग्रंथांच्या तळटीपांत आलेली मराठी साधने उतरवून त्यांची एक सूची करावी. तीत खैरमोडे यांचे खंड असावेत, आंबेडकरांच्या ‘जनता’ साप्ताहिकाचे अंक असावेत, आणि प्रत्येक नोंदीपुढे ते साधन आज कोणत्या ग्रंथालयात पाहावयास मिळते, तेही लिहिलेले असावे.