मंगळवेढ्याहून निघा, समुद्र गाठा!

वाळवंट, लाल दऱ्या, शहर आणि किनारा एकाच बस सहलीत बघायला दुबई-अमेरिकाच गाठावी लागते असं नाही. आपल्या भागात वाळवंट नाही हे कबूल, पण मालदांडी ज्वारीचं काळं, कोरडं रान ओलांडून निघालं की दक्षिणेला बाकी सगळं आहे. पाच-सहा दिवस हाताशी ठेवा.

पहिला मुक्काम विजापूर. गोल घुमट 1656 चा, बाहेरून व्यास सुमारे 44 मीटर आणि आत आधाराला एकही खांब नाही. सकाळी दार उघडताच वर चढा. शाळांच्या सहली आल्या की वरच्या सज्जातल्या कुजबुजीचा प्रतिध्वनी विसरा!

पुढे कुडलसंगम. कृष्णा-मलप्रभेच्या या संगमावर बसवेश्वरांचं ऐक्यस्थळ आहे. बसवकल्याणला जाण्याआधी ते बिज्जल राजाच्या दरबारी आपल्याच मंगळवेढ्यात होते, म्हणून हा थांबा चुकवू नका.

खरा वेळ द्या बदामीला. अगस्त्य तलावाभोवती लाल वालुकाश्माचे उभे कडे आणि त्यांत कोरलेली चालुक्यांची लेणी. तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इ.स. 578 चा. दुपारी दगड तापतो, तेव्हा जवळच्या पट्टदकलची मंदिरं उरकावीत. माकडांपासून पिशव्या सांभाळा.

हुबळीत फक्त जेवण आणि धारवाडी पेढा. मग यल्लापूरचं जंगल, अरबैल घाट, अंकोला आणि गोकर्ण. त्यापुढे मुरुडेश्वरला 20 मजली गोपुरावर लिफ्टने जाता येतं. वरून अरबी समुद्र मस्त दिसतो.

डिसेंबर-जानेवारी उत्तम. पावसाळ्यात घाट टाळाच.