गवती चहाच्या तेलाचा तपासणी अहवाल कसा वाचावा?

गवती चहाच्या तेलाला भाव मिळतो तो सिट्रलच्या प्रमाणावर. सिट्रल ७५ टक्क्यांच्या वर असेल तर खरेदीदार सहसा खळखळ करत नाही. आकडा त्याखाली आला की दरात कपात होते. अडचण अशी, की एकाच कॅनमधील तेलाचा अहवाल एका प्रयोगशाळेत ८२, तर दुसरीकडे ७७ टक्के येऊ शकतो. अशा वेळी लगेच फसवणुकीचा संशय घेण्याआधी दोन्ही अहवालांवर तपासणीची पद्धत कोणती लिहिली आहे ते पाहावे.

जुनी पद्धत सोडिअम बायसल्फाइटची. लांब, खुणा केलेल्या मानेच्या चंबूत १० मि.लि. तेल घेऊन त्यात बायसल्फाइटचे द्रावण घालून तापवतात व हलवतात. सिट्रल द्रावणात विरघळते, उरलेले तेल मानेत वर येते. ते २ मि.लि. भरले तर सिट्रल ८० टक्के. पद्धत स्वस्त आहे, पण ती सिट्रलसोबत इतर अल्डिहाइडही मोजते. त्याच संयंत्रात आधी सिट्रोनेला गवत काढले असेल आणि टाकी, कंडेन्सर नीट वाफाळून घेतले नसतील, तर सिट्रोनेलालही या आकड्यात जमा होते.

गॅस क्रोमॅटोग्राफीत तेलातील घटक एकेक करून वेगळे होतात. अहवालात ‘सिट्रल’ अशी ओळच नसते, त्यामुळे अनेक जण गोंधळतात. सिट्रल हे जिरॅनियल व नेरल या दोन रूपांचे मिश्रण आहे. जिरॅनियल ४५ आणि नेरल ३३ टक्के असेल, तर सिट्रल ७८ टक्के धरावे. केवळ ४५ चा आकडा दाखवून कोणी भाव पाडत असेल, तर ही बेरीज त्याच्यासमोर मांडावी.

यंत्राला न दिसणारी भेसळ

गॅस क्रोमॅटोग्राफीचे टक्के बहुधा यंत्रातून बाहेर पडलेल्या घटकांची बेरीज १०० धरून काढलेले असतात. खोबरेल किंवा एरंडेल यांसारखे न उडणारे तेल मिसळले असेल, तर ते यंत्रातून बाहेरच येत नाही. म्हणजे पाचवा हिस्सा एरंडेल असलेल्या तेलाचेही सिट्रल ८० टक्के दिसू शकते! गावातील गट सामाईक तेल विकतो तेव्हा एकाच्या भेसळीने सगळ्यांचा माल परत येतो. म्हणून गटाने फक्त सिट्रलवर विसंबू नये. विशिष्ट गुरुत्व आणि अपवर्तनांकही तपासून घ्यावा. चांगल्या तेलाचे विशिष्ट गुरुत्व ०.८९ च्या आसपास, अपवर्तनांक साधारण १.४८३ ते १.४८९ असतो. रॉकेलने गुरुत्व घटते, एरंडेलाने वाढते. दोन्ही घालून गुरुत्व जुळवणारे महाभागही असतात, पण अपवर्तनांक दोन्हींमुळे खालीच येतो.

संकलन केंद्रावर सोपी चाचणी करता येते. पांढऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब टाकून कागद उन्हात ठेवावा. शुद्ध ताजे तेल बहुतांश उडून जाते. तेलकट, पारदर्शक डाग तसाच राहिला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

परसातील चहात घालायचे गवत आणि तेलासाठी लावली जाणारी ‘कृष्णा’सारखी जात या वेगळ्या प्रजाती आहेत. परसातील गवताच्या तेलात मायर्सिन जास्त असते आणि ते साठवणीत घट्ट होत जाते. त्यामुळे ७० टक्के अल्कोहोलमध्ये हे तेल गढूळ दिसते, तर ‘कृष्णा’चे ताजे तेल दोन-तीन पट अल्कोहोलमध्ये स्वच्छ विरघळते. तेव्हा गढूळपणा म्हणजे भेसळच असे नाही. मात्र लागवडीसाठी ठोंब आणताना जात विचारूनच आणावेत.

नमुना घेताना

तेलात पाणी राहिले की सिट्रल टिकत नाही. तेल स्थिर ठेवून पाणी वेगळे करावे, मग निर्जल सोडिअम सल्फेट टाकून गाळावे. कॅनच्या फक्त वरच्या थरातून नमुना काढू नये. आधी तेल चांगले ढवळून घ्यावे. नमुन्यासाठी कोरडी, तपकिरी काचेची बाटली वापरावी आणि ती गळ्यापर्यंत भरावी, कारण रिकाम्या जागेतील हवा व प्रकाश सिट्रल खातात. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या प्लॅस्टिक बाटलीत नमुना पाठवू नये. बाटलीवर जात, कापणी व ऊर्ध्वपातनाची तारीख लिहावी. लखनौचे सीमॅप, कनौजचे सुगंध व सुरस विकास केंद्र येथे अशा तेलांची तपासणी होते. नमुना पाठवण्याआधी शुल्क आणि लागणारे तेल किती ते विचारून घ्यावे.

एकाच वेळी तीन बाटल्या भराव्यात. एक प्रयोगशाळेला, एक खरेदीदाराला द्यावी. तिसरी दोघांच्या सहीने लाखबंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. पैसे हाती येईपर्यंत ती उघडू नये.