पाळीची नोंद : शरीराच्या खुणांची ओळख

स्त्रीरोग विभागात येणाऱ्या भगिनीला डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "शेवटची पाळी केव्हा आली?" उत्तर पुष्कळदा "पोळ्याच्या आधी", "मारबतीच्या सुमारास" असे मिळते आणि केसपेपरवरील तारखेचा रकाना अंदाजाने भरावा लागतो. या एका तारखेवर बरेच काही अवलंबून असते. प्रसूतीची अपेक्षित तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढतात. ती ठाऊक नसेल, तर बाळाची वाढ खुंटली आहे की दिवसच कमी भरले आहेत, असा पेच उभा राहतो. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीने तो सुटतो. परंतु अनेक भगिनी त्यानंतरच तपासणीस येतात. यास्तव यंदाच्या अहवालात आम्ही हा विषय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांच्या कुटुंबीयांसमोर मांडीत आहोत.

पाळीचे चक्र रक्तस्राव सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजावयाचे असते. तो पहिला दिवस. पुढील पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी चक्र पूर्ण होते. प्रत्येकीचे चक्र २८ दिवसांचेच असावे, असा नियम नाही. प्रौढ स्त्रीचे चक्र २१ ते ३५ दिवसांचे असू शकते, तर न्हाण आल्यावर पहिली काही वर्षे मुलींमध्ये ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. स्त्रीबीज सर्वसाधारणपणे पुढील पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी बीजकोशातून बाहेर पडते. म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात ते १४ व्या दिवसाच्या आसपास, तर ३५ दिवसांच्या चक्रात २१ व्या दिवसाच्या आसपास सुटते. जपानमधील डॉ. ओगिनो व ऑस्ट्रियातील डॉ. क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे हे दाखवून दिले.

बीज सुटण्याच्या सुमारास शरीर काही खुणा देते. पहिली खूण गर्भाशयाच्या मुखातून येणाऱ्या स्रावाची. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडेपणा असतो. नंतर स्राव चिकट व दाट येतो आणि बीज सुटण्याच्या वेळी तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, निसरडा व ताणला जाणारा होतो. त्यानंतर पुन्हा कोरडेपणा येतो. दुसरी खूण तापमानाची. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी रोज एकाच वेळी तापमान घेतल्यास, बीज सुटल्यानंतर ते साधारण अर्धा अंश फॅरनहाइट वा किंचित अधिक वाढलेले व पुढील पाळीपर्यंत तसेच राहिलेले आढळते. ताप, जागरण वा रात्रपाळी असल्यास ही नोंद फसते. काहींना त्या सुमारास ओटीपोटात एका बाजूस हलकी कळही जाणवते.

या खुणा केवळ शिकलेल्या स्त्रियांनाच उमगतात, असा समज होण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला होता व त्यात आपल्या देशातील बंगळूर हे केंद्र होते. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, शिकविल्यानंतर पहिल्याच चक्रात ९३ टक्के स्त्रियांना स्रावाची खूण ओळखून नोंदविता आली.

या ज्ञानाचा पहिला लाभ म्हणजे अनाठायी भीती जाते. 'अंगावरून पांढरे जाते' म्हणून चिंतेत असणाऱ्या काही भगिनींचा स्राव वर सांगितलेला, अगदी नैसर्गिक असतो. मात्र त्यास दुर्गंधी, खाज, हिरवट-पिवळा रंग वा दह्यासारखे स्वरूप असेल, तर तो जंतुसंसर्ग समजून उपचार घ्यावेत. दुसरा लाभ अपत्यप्राप्तीची इच्छा असणाऱ्या दांपत्यांना होतो. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस, तर शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत टिकतात. म्हणून बीज सुटण्याचा दिवस व त्याआधीचे पाच दिवस महत्त्वाचे. वर्षभरात गर्भ न राहिल्यास पती व पत्नी दोघांनीही तपासणी करून घ्यावी; केवळ सुनेस दोष देणे शास्त्रास धरून नाही. गर्भ टाळण्यासाठी मात्र निव्वळ या खुणांवर विसंबणे जोखमीचे आहे. त्यासाठी नीट प्रशिक्षण व पतीचे सहकार्य लागते. पाळी अनियमित असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने अन्य साधन निवडावे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना या खुणा ग्राह्य धरता येत नाहीत.

तिसरा लाभ आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. नोंद असली की बिघाड वेळेवर ध्यानात येतो. रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, गर्भ नसताना तीन महिने पाळी न येणे, पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरू न होणे, या बाबी डॉक्टरांस दाखवाव्यात. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर ते थोडे असले तरी तत्काळ तपासणी करावी; ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. आपल्या विदर्भात सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. हा आजार असलेल्या भगिनीस अतिरक्तस्राव अधिकच घातक ठरतो.

या विषयावरील मौनाची किंमत आपल्याच प्रदेशात मोजली गेली आहे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक काही ना काही आजार आढळला. परंतु पूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. त्याच्याही कितीतरी आधी, १९२७ मध्ये, र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून अशा विषयांवर मराठीत शास्त्रीय लेखन आरंभिले. त्यापायी त्यांना खटल्यांना तोंड द्यावे लागले. त्यांपैकी एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते.

नोंद ठेवण्यास खर्च येत नाही. भिंतीवरील ज्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहिला जातो, तिच्यावरच पाळीच्या पहिल्या व शेवटच्या दिवशी एक लहानशी खूण करावी. स्राव व वेदना यांसाठी एखादी वही पुरे. लिहिता न येणाऱ्या मातेसाठी लेकीने खूण करावी. तपासणीस येताना ती वही अवश्य सोबत आणावी. तीन महिन्यांची नोंदही डॉक्टरांना मोठे साह्य करते. देणगीदारांच्या औदार्यामुळे उपकरणे येतात, खाटा वाढतात. परंतु रोग वेळेवर रुग्णालयाच्या दारी पोहोचावा, यासाठी घरातील हा मोकळेपणा तितकाच आवश्यक आहे. प्रत्येक वाचकाने हा लेख आपल्या घरातील माता, पत्नी, कन्या व सून यांच्या हाती द्यावा, ही नम्र विनंती.