सवयीची झापड

३ सप्टेंबर १९६७, रविवार. पहाटे पाचच्या सुमारास स्वीडनमधील रस्त्यांवरची वाहने थांबली, डावीकडून उजव्या बाजूस गेली आणि पाच वाजता पुन्हा मार्गस्थ झाली. १९५५ च्या जनमत कौलात सुमारे ८३ टक्के मतदारांनी नाकारलेला हा बदल संसदेने पुढे मंजूर केला होता. जन्माची सवय एका पहाटेत मोडायची म्हटल्यावर अपघातांची धास्ती वाटणे स्वाभाविकच होते. प्रत्यक्षात अपघात घटले! प्रत्येक वळणावर चालक डोळ्यांत तेल घालून पाहत होता. पुढे उजवी बाजू अंगवळणी पडली आणि १९६९ पर्यंत अपघातांचे प्रमाण पूर्वपदावर आले.

मनुष्य प्रत्यक्ष धोक्यापेक्षा स्वतःला जाणवणाऱ्या धोक्यानुसार वागतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांनी १९८२ मध्ये याही पुढे जाऊन मांडले, की प्रत्येकाच्या मनात जोखमीची एक मान्य पातळी असते. सुरक्षितता वाढली, की तो तेवढे धाडसही वाढवितो. हे मत सर्वमान्य नाही, आणि ते जसेच्या तसे स्वीकारूही नये. सीटबेल्टने असंख्य प्राण वाचविले आहेत, हे कसे विसरावे?

तरीही, बँकेच्या खिडकीशी नोटा दोनदा मोजून घेणारे गृहस्थ आज मोबाइलवरून हजारो रुपये पाठविताना पडद्यावरचे नाव न वाचताच पिन दाबून मोकळे होतात. पहिल्या दिवशी हेच नाव त्यांनी चष्मा पुसून, मुलाकडून खात्री करून घेत वाचलेले असते.