ट्रॅक्टरच्या बॅटरीवर १०० वॅटचा आवाज? ५ पायांची आयसी काय सांगते

जालना जिल्ह्यातल्या अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर धावतात आणि अनेक ट्रॅक्टरांवर गाणीही वाजतात. हा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर घरीही बनवता येतो. पण त्यातून किती वॅट मिळतील?

आयसी करते काय?
मोबाईलमधून येणारा सिग्नल स्पीकर हलवण्याइतका ताकदवान नसतो. टीडीए २००३ ही आयसी त्याला बळ देते. तिला ५ पाय असतात. पहिल्या पायावर सिग्नल येतो, तिसरा ग्राउंड, चौथ्यातून आवाज बाहेर पडतो आणि पाचव्याला बॅटरीचा पॉझिटिव्ह जोडतात. दुसऱ्या पायाला जोडलेले २२० ओहम आणि २.२ ओहमचे रेझिस्टर सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवतात. इथे तो सुमारे १०० पट वाढतो.

मग १०० वॅट का नाहीत?
इंजिन चालू असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट मिळतात. आयसीचं आउटपुट त्याच्या मध्यावर, म्हणजे ७ व्होल्टवर थांबलेलं असतं. तिथून ते वर किंवा खाली जास्तीत जास्त ७ व्होल्टच सरकू शकतं. स्पीकर ४ ओहमचा असेल तर ७ गुणिले ७, भागिले ८, म्हणजे जेमतेम ६ वॅट. डब्यावर काहीही छापलेलं असो, हे गणित बदलत नाही. आवाज त्यापुढे वाढवला तर तो फक्त फाटतो.

जोडताना काय सांभाळाल?
• चौथा पाय आणि स्पीकर यांच्यामध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. तो नसेल तर ७ व्होल्टचा डीसी थेट स्पीकरमध्ये जाऊन कॉइल जळू शकते.
• आयसी तापते. तिला अ‍ॅल्युमिनियमचं हीटसिंक लावा.
• बॅटरीजवळच्या पॉझिटिव्ह वायरवर फ्यूज बसवा. शॉर्ट झाल्यास बॅटरीतून प्रचंड करंट वाहतो आणि वायर पेटू शकते.

६ वॅट पुरतात का?
चालकाच्या सीटजवळ नक्कीच पुरतात. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. उसाची भरलेली ट्रॉली ओढताना मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येणं जास्त गरजेचं आहे.