जबरान जोत व शेती-अनुदानपात्रता

जबरान जोत : शासनाच्या परवानगीवाचून वनजमिनीवर केली जाणारी शेती. ही संज्ञा पूर्व विदर्भात, विशेषतः चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत, रूढ आहे. अशा शेतीस शासकीय साहाय्य मिळावे की नाही, हा प्रश्न ब्रह्मपुरी वनविभागात अधिक बिकट होतो. तेथे भाताची बांधी, गावतलाव आणि जंगल एकमेकांत मिसळलेले असून संरक्षित क्षेत्राबाहेरही वाघांचा मोठा वावर आहे. याच परिसरातील नागभीड तालुक्यात २०१८ मध्ये घोडाझरी अभयारण्य घोषित झाले.

अनुदानाचा पहिला आधार म्हणजे सातबारा. पीककर्ज, आधारभूत किंमतीने धानविक्री यांसाठी तोच मागितला जातो. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेत (२०१९) वर्षास ६,००० रु. तीन हप्त्यांत मिळतात. परंतु जमीनधारणेची नोंद आवश्यक असते. वनहक्काचा पट्टा मिळालेला जोतदार या योजनेस पात्र ठरतो, पट्टा नसलेला ठरत नाही. दोघांचे बांध एकमेकांस लागून असले तरी हा भेद कायम राहतो.

राज्य शासनाने १९७८ मध्ये जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले होते. तथापि १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमानंतर केंद्राची पूर्वसंमती आवश्यक झाली. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ अन्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची प्रत्यक्ष वहिवाट, कमाल ४ हेक्टरपर्यंत, मान्य होते. हा हक्क वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. आदिवासींखेरीज इतरांना मात्र तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. खरी अडचण येथेच आहे. हा मुलूख मध्य प्रांत, मध्य प्रदेश, द्वैभाषिक मुंबई (१९५६) व महाराष्ट्र (१९६०) अशा चार राजवटींतून गेला. मालगुजारीही १९५० नंतर संपली. इतक्या दप्तरांतून एखाद्या कुळाचा माग काढणे ग्रामसभेस सोपे नसते.

जमीन अभयारण्यात आहे एवढ्यावरून अनुदान नाकारले जाते, हा समज बरोबर नाही. २००६ चा अधिनियम राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांनाही लागू आहे. वन्यजीवांसाठी अत्यंत महत्त्वाचा अधिवास निश्चित करून तेथील हक्कांत बदल करावयाचा झाल्यास, आधी हक्कमान्यता पूर्ण व्हावी लागते आणि पुनर्वसनास ग्रामसभेची माहितीपूर्वक संमती घ्यावी लागते. पात्रतेचा निर्णय त्यामुळे मुख्यतः हक्काच्या नोंदीवर अवलंबून राहतो.

वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई राज्यात वनखाते देते. अतिक्रमित वनजमिनीवरील पिकास मात्र ती देय नसते. रानडुकरे व चितळ यांचा पहिला उपद्रव जंगलालगतच्या बांधीलाच पोहोचतो आणि जबरान जोतही बहुधा तेथेच असते.