पट्टा घड्याळाचाच भाग असतो तेव्हा: रॉयल ओक

आज माझ्या सर्वांत आवडत्या डिझाइनबद्दल. स्वित्झर्लंडच्या ओडेमार पिगे कंपनीने 1972 मध्ये 'रॉयल ओक' आणलं. महागडं घड्याळ म्हणजे सोन्याचं, पातळ, चामडी पट्ट्याचं, असा तेव्हा शिरस्ता होता. हे मात्र स्टीलचं आणि 39 मिलिमीटरचं, त्या काळी भलतंच मोठं. रेखाटन जेराल्ड जेंटा यांचं.

काचेभोवतीच्या अष्टकोनी कड्यावर आठ षटकोनी स्क्रू दिसतात, पाणबुड्याच्या शिरस्त्राणासारखे. नीट बघा, सगळ्यांच्या खाचा एका वर्तुळात ओळीने बसतात. कारण ते फिरतच नाहीत! षटकोनी खोबणीत डोकी अडकलेली असतात, आवळणं होतं मागच्या बाजूने.

पण खरी कमाल पट्ट्याची. नेहमीच्या घड्याळाला दोन्ही बाजूंना शिंगांची जोडी असते, त्यांत मापाचा कुठलाही पट्टा बसतो. इथे शिंगंच नाहीत. केसमधूनच पट्टा सुरू होतो आणि बक्कलकडे निमुळता होत जातो. पट्ट्याच्या कड्यांचा पृष्ठभाग रेघांचा, कडा आरशासारख्या चकचकीत. मला या कडा तबकडीपेक्षाही सुंदर वाटतात.

असा पट्टा सहज बदलता येत नाही, म्हणूनच तो मापाचा करताना घाई नको. कड्या दोन्ही बाजूंनी विचारपूर्वक काढाव्यात, म्हणजे बक्कल मनगटाच्या मधोमध राहतं. उन्हाळ्यात मनगट किंचित फुगतं, तेवढी ढिलाई ठेवा. आणि काढलेल्या कड्या डबीत जपून ठेवा, पुढे नक्की लागतात.